जर्मनीत नर्स म्हणून कायम राहायचंय? मग तीन वर्षांचं घड्याळ कधी सुरू होतं ते आधी समजून घ्या

नाइट संपवून बसची वाट बघत उभी असते तेव्हा फोनवर एखादा तरी मेसेज आलेला असतो. "ताई, जीएनएम झालंय, चार वर्षं आयसीयूला आहे. जर्मनीत पीआर किती वर्षांत मिळतो?" पीआर म्हणजे कायम निवासाचा परवाना, आणि या प्रश्नाचं उत्तर 'तीन वर्षं' असं आहे आणि ते खरंही आहे. मात्र ही तीन वर्षं विमानातून उतरल्या दिवसापासून मोजत नाहीत. तुमच्या भारतीय नर्सिंग शिक्षणाला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळते आणि त्या मान्यतेच्या जोरावर 'कुशल कामगार' म्हणून निवास परवाना हातात पडतो, त्या दिवसापासून ती सुरू होतात. त्याआधीचा काळ कायम निवासाच्या हिशेबात धरला जात नाही. माझे असे सतरा महिने गेले. त्यातले निदान आठ-नऊ महिने वाचवता आले असते, पण तेव्हा हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हा लेख जरा पाल्हाळानेच लिहितेय.

आधी अमेरिकेबद्दल थोडं, कारण घरोघरी पहिला विचार तिचाच होतो. अमेरिकेत नर्सना ग्रीन कार्डसाठी खास सोय आहे. नर्सिंग हे 'शेड्यूल ए' मधलं काम असल्यामुळे, 'या जागेसाठी अमेरिकन माणूस मिळत नाही' हे हॉस्पिटलला जाहिरात देऊन सिद्ध करावं लागत नाही. एनक्लेक्स ही तिथली नर्सिंगची परवाना परीक्षा पास असेल, हॉस्पिटल अर्ज भरायला तयार असेल, तर पहिली पायरी सोपी आहे. अडचण पुढे येते. दरवर्षी कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ठरावीक वाट्यापलीकडे ग्रीन कार्ड देत नाहीत, आणि भारताची रांग प्रचंड लांब आहे. २०२५ संपत आलं तेव्हा नर्स ज्या ईबी-थ्री वर्गात येतात त्यात भारतीयांसाठी २०१३ मधल्या अर्जांचा नंबर लागत होता. नुसत्या नोकरीवर तिकडे जाता येईल असा तात्पुरता व्हिसाही साध्या स्टाफ नर्सला सहसा मिळत नाही, त्यामुळे ही सगळी वाट इथे बसूनच पाहावी लागते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तिथे नागरिकत्व बघत नाहीत, जन्माचा देश बघतात. तुमचा किंवा तुमच्या नवऱ्याचा जन्म दुबई, कुवेत, मस्कतला झाला असेल, तर तो अर्ज भारताच्या रांगेतून बाहेर काढता येतो. आखाती नोकऱ्यांमुळे आपल्याकडे अशी बरीच घरं आहेत. तुमचं घर त्यातलं असेल तर अमेरिकेचा विचार जरूर करा. बाकीच्यांना माझ्या मते जर्मनीचा रस्ता जवळचा पडतो.

तुम्ही कोण, यावर रस्ता ठरतो

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएससी नर्सिंग, दोघींनाही जर्मनीत 'फ्लेगेफाखफ्राउ' म्हणजे पूर्ण नर्स म्हणून मान्यता मागता येते. पुरुष असेल तर 'फ्लेगेफाखमान'. मान्यतेच्या पुढची वाट दोघींची साधारण सारखीच असते, त्यामुळे 'बीएससी आहे म्हणून मला परीक्षा नाही' अशा समजात राहू नका. एएनएमचं, म्हणजे सहायक परिचारिकेचं, शिक्षण तिथल्या पूर्ण नर्सच्या शिक्षणाशी जुळत नाही. एएनएम झालेल्या किंवा नुसत्या बारावी झालेल्या मुलीने तिथे जाऊन तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण घेणं, म्हणजे 'आउसबिल्डुंग' करणं बरं. जर्मनीत शिकलेल्याला कायम निवासासाठी पुढे तीनऐवजी दोनच वर्षं थांबावं लागतं, हा त्यातला फायदा.

वयाची अटही आहे. पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मागितला, तर एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. ही रक्कम दरवर्षी बदलते. २०२५ साठी ती वर्षाला ५३,१३० युरो होती, आणि सुरुवातीच्या नर्सचा पगार सहसा तिथवर जात नाही. चाळिशी ओलांडलेल्या सिस्टरनी म्हणून दिरंगाई करू नये.

कागद : इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

पासपोर्ट, जन्मदाखला, लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, दहावी-बारावी, नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन, काउन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, अनुभवाचे दाखले, पोलिस क्लिअरन्स, मेडिकल फिटनेस आणि तक्त्याच्या स्वरूपातला बायोडेटा. ही यादी तुम्हाला कुठलाही एजंट देईल. त्यात सहसा नसतो तो कागद म्हणजे तासांचा हिशेब.

जर्मन ऑफिस तुमचे टक्के बघत नाही, तास बघतं. तिथल्या नर्सच्या तीन वर्षांच्या शिक्षणात किमान २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष पेशंटजवळ असतात. तुमचं शिक्षण त्याच्या शेजारी ठेवून कुठल्या विषयात किती कमी पडलं ते काढतात. म्हणून कॉलेजकडून विषयवार थिअरीचे तास आणि वॉर्डवार प्रॅक्टिकलचे तास लिहिलेलं ट्रान्सक्रिप्ट घ्यावं लागतं : मेडिकल इतके, सर्जिकल इतके, बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण, कम्युनिटी इतके.

माझ्या कॉलेजच्या ऑफिसने मला सहीशिक्क्याचं सुंदर पत्र दिलं : 'सदर विद्यार्थिनीने तीन वर्षांचा अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला आहे.' मी ते भाषांतर करून पाठवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, तास लिहिलेले नाहीत. पुन्हा कॉलेज गाठलं, तर सांगितलं की आमच्याकडे असा फॉर्मॅट नाही. शेवटी आईने माळ्यावरची ट्रंक उघडून माझी क्लिनिकल लॉगबुकं काढली. वाळवी लागली नव्हती हे नशीब. त्यातल्या पोस्टिंगच्या तारखा घेऊन, काउन्सिलच्या अभ्यासक्रमातले तास लावून मी स्वतः तक्ता टाइप केला आणि प्राचार्यांपुढे ठेवला. त्यांनी तपासला आणि सही केली. तुम्हीही असंच करा. कोरं पत्र मागू नका, भरलेला तक्ता घेऊन जा. ऑफिसमधल्या माणसाला टाळायचं नसतं, त्याला नवं काही टाइप करायचं नसतं एवढंच. अनुभवाच्या दाखल्यातही 'आयसीयूमध्ये काम केले' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या वॉर्डात, आठवड्याला किती तास आणि काय काय काम केलं, हे सगळं त्यात यायला हवं. तिथे कमी पडलेले तास काही वेळा अनुभवाने भरून निघतात. आपल्या शिक्षणात वृद्धांची शुश्रूषा कमी असते, तेव्हा म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डात काम केलं असेल तर ते ठळकपणे लिहून घ्या.

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार मारतं तो शिक्का. त्याबद्दल सांगते, कारण त्यात पैसे उगाच जातात. भारत अपोस्टिल करारात आहे, पण भारताच्या सहभागाला जर्मनीने आक्षेप नोंदवलेला असल्याने तो शिक्का तिथे आपोआप चालत नाही. मान्यता देणाऱ्या ऑफिसने मागितला तरच करा. एजंटने सांगितलं म्हणून सगळ्या मार्कशीटवर अपोस्टिल मारत बसू नका. भाषांतर मात्र अधिकृत शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. कुठल्या भाषांतरकाराचं काम चालतं, हे ज्या राज्यात अर्ज करणार तिथल्या ऑफिसच्या नियमांत बघून घ्या. नावाचं स्पेलिंगही आधीच तपासा. डिप्लोम्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, काउन्सिलच्या कार्डावर वडिलांच्या नावातलं एक अक्षर वेगळं, हे आपल्याकडे नेहमीचंच आहे. लग्नाचा दाखला जोडून आणि लागलंच तर गॅझेट करून ते इथे असतानाच मार्गी लावा. तिकडून मुंबईला फोन करून ही कामं होत नाहीत.

भाषा : बी-टू इथेच करा

जर्मन भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. कायद्याने ए-टूवरही येता येतं. २०२४ पासून 'मान्यता भागीदारी' नावाचा व्हिसा निघाला आहे, त्यात ए-टू पुरतं आणि मान्यतेची प्रक्रिया तिथे गेल्यावर करता येते. एजंट हे आनंदाने सांगतात. पण पूर्ण नर्स म्हणून मान्यतेचं प्रमाणपत्र मिळायला बहुतेक राज्यांत बी-टू लागतंच. ए-टूवर गेलात तर दिवसभर मदतनीस म्हणून अंग मोडेपर्यंत काम करून संध्याकाळी बी-वन आणि मग बी-टू करावं लागतं. माझ्यासोबत आलेल्या दोघींची दोन वर्षं त्यातच गेली. त्या मुली हुशार होत्या. थकलेल्या माणसाच्या डोक्यात व्याकरण शिरत नाही, एवढंच.

म्हणून माझं मत ठाम आहे : निदान बी-वन पूर्ण आणि जमलं तर बी-टू हातात घेऊनच निघा. पुण्यात बोट क्लब रोडला आणि मुंबईत काळा घोडा भागात मॅक्स म्युलर भवन आहे, म्हणजेच गोएथे इन्स्टिट्यूट. बी-वन आणि बी-टूच्या परीक्षा वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चार तुकड्यांत असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एखाद्या तुकड्यात नापास झालात तर तेवढीच पुन्हा देता येते. टेल्क या संस्थेची खास नर्सिंगची बी-वन-बी-टू परीक्षाही असते. क्लास कुठेही लावा, पण परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रातच द्या. क्लासवाल्याने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट काही कामाचं नाही.

आणि पुस्तकी जर्मन पुरत नाही हेही आधीच सांगून ठेवते. मी श्टुटगार्टच्या बाजूला आहे, इथे श्वाबिश बोलीभाषा चालते. पहिल्या महिन्यात एका आजोबांचं ड्रेसिंग करताना सहकारी म्हणाली, "हेब!" पुस्तकात या शब्दाचा अर्थ 'उचल', म्हणून मी आजोबांचा पाय वर उचलला आणि ते कळवळले. श्वाबिशमध्ये 'हेब' म्हणजे 'धरून ठेव'. तसंच 'फूस' म्हणजे पुस्तकात पाऊल, पण इथले म्हातारे मांडीपासून खालच्या सगळ्याला 'फूस' म्हणतात. आपणही मराठीत पाय म्हणतो तो असाच, त्यामुळे हे मात्र मला लगेच पटलं. तेव्हापासून 'फूस दुखतोय' असं कानावर आलं की आधी 'कुठे, बोट लावून दाखवा' असं विचारते.

नोकरी आणि करार

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सिंगही आहे. पण सरकारी करार झाला म्हणजे आपली नोकरी ठरली असं नाही. पुढे तुमचं नाव, तुमचा पगार आणि हॉस्पिटलची सही असलेलं करारपत्र हातात येईपर्यंत कुणालाही पैसे देऊ नका, नोकरी सोडू नका.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला भारतात परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. सेवाशुल्काला कायद्याने ₹३०,००० अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. पाच-सात लाख मागणारा माणूस नियमाबाहेरच मागतोय. जर्मनीत नर्ससाठी सरकारमान्य गुणवत्ता चिन्ह आहे, 'फेअर भरती, नर्सिंग, जर्मनी' अशा अर्थाचं. त्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. ते चिन्ह असलेलं हॉस्पिटल किंवा एजन्सी आधी बघा.

करार आला की चार जागा नीट वाचा. पगार : मान्यता मिळेपर्यंत मदतनीसाचा किती आणि मिळाल्यावर नर्सचा किती, दोन्ही आकडे लिहिलेले हवेत. वृद्धसेवेत पूर्ण नर्सचा किमान पगार जुलै २०२५ पासून तासाला २०.५० युरो झाला, म्हणजे पूर्ण वेळ कामाला महिन्याचे साधारण ३,४०० ते ३,५०० युरो. कर आणि विमे कापून त्यातले दोन-तृतीयांश हातात येतात. दुसरी जागा परतफेडीची : 'इतक्या वर्षांत सोडलं तर इतके युरो परत' असा बाँड असेल तर रक्कम किती आणि ती दर महिन्याला कमी होत जाते का, हे बघा. अवाच्या सवा बाँड जर्मन कोर्टात टिकत नाहीत, पण त्याची भीती मात्र माणसाला बांधून ठेवते. तिसरी, घर कोण देणार, भाडं किती. चौथी, आणि हीच मी विसरले होते : मान्यतेची परीक्षा किंवा कोर्स कुठल्या संस्थेत, किती महिन्यांच्या आत करून देणार.

माझ्या करारात फक्त 'मालक सहकार्य करेल' असं होतं. सहकार्य म्हणून त्यांनी मला आठ महिने वॉर्डात वापरलं. तयारीच्या कोर्समध्ये जागा नाही, पुढच्या बॅचला बघू, असंच चालू राहिलं. मी स्वस्तात राबत होते, त्यांना घाई कशाला असेल? आता जी कोणी विचारते तिला मी सांगते, 'येण्याच्या तारखेपासून अमुक महिन्यांत कोर्स सुरू' असं वाक्य करारात घालून घे. चांगली हॉस्पिटलं ते नाकारत नाहीत. जर्मनीत पोचल्यावर अडचण आली, तर परदेशी कामगारांसाठी 'फेअर इंटेग्रात्सिओन' नावाची मोफत सल्ला केंद्रं आहेत, शिवाय 'व्हेर्डी' ही युनियन आहे. दोघांकडेही बिनदिक्कत जा.

मान्यतेचा अर्ज आणि व्हिसा

जर्मनीत मान्यता केंद्र सरकार देत नाही, तुम्ही ज्या राज्यात काम करणार त्या राज्याचं ऑफिस देतं. बाडेन-व्युर्टेंबर्गसाठी ते श्टुटगार्टच्या विभागीय प्रशासनात आहे, बव्हेरियाचं वेगळं, नॉर्थ राइन-वेस्टफालियाचं वेगळं. म्हणून आधी नोकरी आणि राज्य ठरवा, मग अर्ज करा. काहीच ठरलेलं नसेल तर बॉनमध्ये केंद्रीय सल्लाकेंद्र आहे. ते भारतात बसलेल्या उमेदवाराला फुकट मार्गदर्शन करतं आणि कुठल्या ऑफिसला काय लागतं तेही सांगतं.

अर्जावर जो निर्णय येतो त्याला 'बेशाइड' म्हणतात. आपल्या बहुतेक सिस्टरना 'शिक्षणात फरक आहे' असा बेशाइड येतो. तो वाचून रडू नका, तो नकार नाही. फरक भरून काढण्याचे दोन रस्ते त्यात लिहिलेले असतात : एक तर परीक्षा, जिला 'केन्टनिसप्र्युफुंग' म्हणतात, नाहीतर काही महिन्यांचा जुळवणी कोर्स, 'आनपासुंग्सलेअरगांग'. सविस्तर तुलना नको, मी थेट यातलं एक करते, असं आधीच लिहून देण्याचीही सोय आता आहे. तासांचा हिशेब मिळणं अशक्यच असेल तर ती वापरा.

वेळ वाचवायचा असेल तर मालकाला 'जलद प्रक्रिया' सुरू करायला सांगा. तुम्ही त्याला मुखत्यारपत्र द्यायचं आणि त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करायचा. त्याची फी ४११ युरो. मग मान्यतेच्या ऑफिसला कागद पूर्ण झाल्यापासून दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळते आणि अर्ज पूर्ण असेल तर पुढच्या तीन आठवड्यांत व्हिसाचा निर्णय होतो. साध्या मार्गाने हेच काम वर्षभर रेंगाळू शकतं. जो मालक हजारो युरो खर्चून तुम्हाला आणतोय, त्याला ४११ युरो जड नाहीत. फक्त मागावं लागतं.

महाराष्ट्रातल्यांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वकिलातीतून होतो, फी ७५ युरो. मान्यता अर्धवट असलेल्यांना निवास कायद्याच्या कलम १६-डी खाली दोन वर्षांपर्यंतचा व्हिसा मिळतो आणि पुढे एक वर्ष वाढवता येतो. पूर्ण मान्यता आधीच मिळालेली असेल तर थेट कलम १८-ए. हे दोन आकडे डोक्यात पक्के ठेवा. १६-डी म्हणजे अजून शिकाऊ, १८-ए म्हणजे कुशल नर्स. कायम निवासाची तीन वर्षं १८-ए वरच मोजतात.

मदतनीसाचे महिने आणि परीक्षा

पहिल्या काही दिवसांतच एक धक्का बसतो. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे मावशी करतात आणि सिस्टर इंजेक्शन, सलाइन, चार्टिंग बघते. इथे अंघोळ नर्सच घालते आणि त्यालाच खरं नर्सिंग समजतात, तर रक्त काढणं, सलाइन लावणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं काम. आयसीयूत दहा वर्षं काढलेल्या सिस्टरना हे लागतं. मलाही लागलं. पण परीक्षेत याच गोष्टी बघतात, म्हणून हे महिने रुसून घालवू नका.

परीक्षेचे दोन भाग असतात. तोंडी, साधारण पाऊण ते एक तास, एका पेशंटची गोष्ट देऊन. आणि प्रात्यक्षिक, प्रत्यक्ष शुश्रूषेच्या किमान दोन आणि जास्तीत जास्त चार प्रसंगांत. माझ्या प्रात्यक्षिकात मांडीचं हाड मोडलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. दोन परीक्षक भिंतीला टेकून वहीत लिहीत होते. मी हात जंतुनाशकाने पूर्ण तीस सेकंद चोळले, पडदा ओढला, आजींना विचारलं की आधी तोंड धुवायचं की दात. आजी म्हणाल्या, तोंड मी स्वतःच धुते, तू पाठ पूस. मी टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि थांबले. नंतर परीक्षकांनी सांगितलं, तिथेच तू पास झालीस. पेशंट जे स्वतः करू शकतो ते त्याला करू देणं, याला इथे फार महत्त्व आहे. आपली सवय भराभर उरकण्याची, कारण एका सिस्टरकडे तीस पेशंट असतात. ती सवय मोडायला सराव लागतो. तोंडी आणि प्रात्यक्षिक, प्रत्येक भाग नापास झाल्यास एकदा पुन्हा देता येतो.

परीक्षा किंवा कोर्स, दोन्हींत मी परीक्षेच्या बाजूची आहे. कोर्सच्या शेवटी फक्त चर्चा असते आणि नापास होण्याची धास्ती कमी, हे खरं. पण तो महिनोन्महिने चालतो आणि तेवढ्याने तुमचं घड्याळ उशिरा सुरू होतं. भाषा चांगली असेल तर परीक्षाच द्या.

पास झाल्यावर बी-टूचं सर्टिफिकेट, मेडिकल आणि चारित्र्याचा दाखला जोडला की 'उर्कुंडे' मिळते, म्हणजे नर्स ही पदवी लावण्याचा परवाना. ती हातात आली की त्याच आठवड्यात तीन कामं करा. मालकाला प्रत देऊन पगार बदलून घ्या. परदेशी नागरिक कार्यालयात १८-ए चा अर्ज टाका. आणि अर्जाची पोच जपून ठेवा. माझी एक मैत्रीण '१६-डी ला अजून पाच महिने आहेत, संपल्यावर बघू' म्हणत थांबली आणि ते पाच महिने कायम निवासाच्या हिशेबातून गेले. ऑफिसातला माणूस स्वतःहून तुम्हाला सांगणार नाही.

तीन वर्षांत काय काय जुळवायचं

कायम निवास परवान्याला जर्मनमध्ये 'निडरलासुंग्स-एरलाउबनिस' म्हणतात. कुशल कामगारासाठी पूर्वी चार वर्षं लागायची, २०२३ च्या कायदादुरुस्तीने ती तीन झाली. अटी अशा : १८-ए वर तीन वर्षं, सरकारी पेन्शन विम्याचे ३६ महिन्यांचे हप्ते, बी-वन जर्मन, जर्मनीच्या कायदा-समाजव्यवस्थेचं जुजबी ज्ञान, पुरेसं घर, स्वतःच्या पगारावर भागणारं पोट, गुन्हा नाही, आणि परवान्याला साजेशी नोकरी चालू.

पेन्शनचा हप्ता पगाराच्या १८.६ टक्के, निम्मा तुमचा, निम्मा मालकाचा, आणि तो पगारातूनच कापला जातो. मदतनीस असतानाचे हप्तेही ३६ मध्ये धरले जातात, म्हणून बहुतेकींचे हप्ते आधी पूर्ण होतात आणि वर्षं मागे राहतात. दरवर्षी पेन्शन विमा कार्यालयाकडून आपला उतारा मागवून बघा. नोकरी बदलताना महिना-दोन महिन्यांची फट पडली असेल तर ती त्यात दिसते.

ज्ञानाची परीक्षा म्हणजे 'लेबन इन डॉइचलांड'. प्रश्न ३३, वेळ एक तास, फी २५ युरो, आणि सगळे प्रश्न आधीच जाहीर केलेल्या यादीतून. कायम निवासाला १५ बरोबर लागतात, नागरिकत्वाला १७. म्हणून सतरांच्या वर जायचं ठरवूनच बसा, पुन्हा द्यायला नको. घराच्या अटीत माणशी चौरस मीटर बघतात. नवरा-मुलं आल्यावरही एका खोलीच्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहत असाल तर तिथे अडकाल. घर शोधायला मोठ्या शहरांत वर्ष लागू शकतं, तेव्हा ते आधीपासून बघायला लागा.

नोकरी बदलायची असेल तर आधी परवान्यासोबतची हिरवी घडीपत्रिका वाचा. त्यात मालकाचं नाव लिहिलेलं असेल तर कार्यालयाला विचारल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नवरा येणार असेल तर तुम्ही १८-ए वर असताना त्याला व्हिसासाठी आधी ए-वन जर्मन करावं लागत नाही, आणि आल्यावर तो कुठलीही नोकरी करू शकतो. तुम्हाला कायम निवास मिळाला की त्यालाही लवकर मिळू शकतो : तीन वर्षं निवास परवाना, आठवड्याला किमान वीस तास नोकरी, आणि भाषा-परीक्षेच्या त्याच अटी. तेव्हा त्याने घरी बसून न राहता पहिल्या वर्षापासून भाषा धरावी.

तीन वर्षं पूर्ण होण्याच्या दोन-तीन महिने आधी अपॉइंटमेंट मागा. शेवटच्या पगारपावत्या, मालकाचं पत्र, भाडेकरार, पेन्शनचा उतारा, भाषेचं आणि परीक्षेचं सर्टिफिकेट, उर्कुंडे आणि पासपोर्ट. पासपोर्ट संपत आला असेल तर तो आधीच नवा करून घ्या. पाच वर्षांनी नागरिकत्वही मागता येतं. जर्मनी दुहेरी नागरिकत्वाला आता हरकत घेत नाही, पण भारत ते मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, घ्यावं लागतं. मी अजून ते केलेलं नाही.

एक गोष्ट आई-वडील गावाकडे असलेल्या प्रत्येकीसाठी. कायम निवास परवाना मिळाला तरी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात तर तो आपोआप रद्द होऊ शकतो. वडिलांचं ऑपरेशन, आईचा पॅरालिसिस, आणि 'बरं वाटेपर्यंत थांबते' म्हणत सात महिने कधी होतात कळत नाही. पाच वर्षं आणि पेन्शनचे साठ हप्ते झाल्यावर 'ईयू दीर्घ निवास' हा दुसरा परवाना मागता येतो, त्यात युरोपियन युनियनबाहेर सलग बारा महिन्यांपर्यंत राहता येतं. ज्यांना पहिला कुशल कामगार परवाना १ मार्च २०२४ किंवा नंतर मिळाला, त्यांना आई-वडिलांना कायमचं बोलावण्याची वाटही उघडली आहे, मात्र त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा पूर्णपणे तुम्ही भरायचा असतो आणि त्या वयात विमा मिळवणं कठीण आहे. दवाखान्याच्या कारणाने लांब रजा घ्यायची वेळ आली, तर विमानात बसण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाला लिहा, जास्तीची मुदत लेखी मागा, आणि त्यांचं उत्तर आल्यावरच परतीचं तिकीट सहा महिन्यांपुढे ढकला.